पहिल्या परदेश सहलीचं वेळापत्रक: नऊ रात्री, तीन शहरं

एसटीत मी ३४ वर्षं काढली. कंडक्टर म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. शेवटची नऊ-दहा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात शेड्यूलं लावायचं काम माझ्याकडे होतं. कोणती फेरी किती वाजता सोडायची, घाटाला किती वेळ धरायचा, मुक्कामी गाडी कुठल्या गावी, स्पेअरला कोणती ठेवायची. म्हणून आमची धाकटी जेव्हा म्हणाली, "बाबा, यंदा आपण तिघं इटलीला जाऊ, प्लॅन तुम्ही करा," तेव्हा मी त्याच संध्याकाळी वही आणि पट्टी घेऊन बसलो. आम्ही नवरा-बायको तोवर विमानात बसलो नव्हतो.

सहल फार चांगली झाली. तेव्हापासून नात्यातली, ओळखीतली माणसं विचारतात, वेळापत्रक कसं लावलंत? सगळ्यांना फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे लिहितो. उदाहरण इटलीचं आहे, पण हिशेब जपानला किंवा व्हिएतनामला गेलात तरी हाच.

मुलीने सुरुवातीला यादी दिली ती अशी: मिलान, कोमोचं सरोवर, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स, पॉम्पे आणि अमाल्फीचा किनारा. नऊ ठिकाणं. सुट्टी १२ दिवस. "बारा दिवसांत नऊ म्हणजे आरामात बसतंय की," ती म्हणाली. कागदावर खरंच बसत होतं. त्याच सुमारास एका एजंटाने आम्हाला चार देशांचा दहा दिवसांचा छापील कार्यक्रम दिला होता. त्यातल्या प्रत्येक दिवसापुढचे बसचे तास मी पेन्सिलने मांडले आणि बेरीज केली. जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ बसमध्ये जात होता. आयुष्यभर मी लोकांना बसमध्ये बसवलं, पण सुट्टीवर निघालेल्या माणसाला इतका वेळ बसमध्ये बसवायला माझं मन होईना.

तर पहिलं काम हे करा. दिवस मोजू नका, रात्री मोजा. आणि रात्रीसुद्धा फक्त त्या, ज्या तिकडच्या अंथरुणावर झोपायला मिळणार आहेत. आमचं घर सोडायचं शुक्रवारी दुपारी, कारण विमान शनिवारी पहाटे चारचं आणि मध्ये खंबाटकीचा घाट, पुणे, खंडाळ्याचा घाट. ती रात्र प्रवासात गेली. येताना व्हेनिसहून सोमवारी दुपारी निघायचं, मुंबईत मंगळवारी सकाळी. तीही रात्र विमानात. शुक्रवार ते मंगळवार असे १२ दिवस, पण इटलीतल्या रात्री फक्त ९.

आता एक साधा हिशेब, ज्यावर माझं सगळं वेळापत्रक उभं राहिलं. एखाद्या शहरात एक रात्र राहिलात, तर आज पोचलात आणि उद्या निघालात, पुरा दिवस एकही नाही. दोन रात्री राहिलात तर एक पुरा दिवस. तीन रात्रींना दोन. म्हणजे एकूण रात्री वजा एकूण शहरं, उरतील तेवढे पुरे दिवस. नऊ रात्री आणि सात मुक्काम केले तर पुरे दिवस दोन. नऊ रात्री आणि तीन मुक्काम, तर सहा. मी हे मुलीला वहीत लिहून दाखवलं. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि स्वतःच्या हाताने मिलान, कोमो खोडलं.

अमाल्फी खोडताना तिला वाईट वाटलं. कुठल्याशा व्हिडिओत बघून दोन वर्षं तिने ते मनात धरलं होतं. तुमच्याही घरात असं कुणाचं तरी एक ठिकाण असेल. ते एक ठिकाण ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण मग त्याच्यासाठी रात्री द्या आणि दुसरं मोठं शहर सोडा. "जाता जाता अमाल्फी" होत नाही. पॉम्पेचंही तसंच. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तास, पण तिथून लोकल बदलायची, पुढे पाऊण तास, आणि गाड्या बदलण्यातला वेळ वेगळा. दारापासून दारापर्यंत मी एका बाजूला तीन तास धरले. पहाटे उठून जाणारे जातात आणि परत येतात. आमच्या हिचा गुडघा बघता मी तो दिवस रोमलाच दिला.

मुक्काम बदलायला खरा वेळ किती लागतो, हे बहुतेकांच्या हिशेबात येत नाही. गाडीची धावण्याची वेळ एक, आणि माणसाला लागणारी वेळ दुसरी. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वे साधारण दीड तासात जाते. मोबाईलवर तेवढंच दिसतं. आमचा तो बुधवार प्रत्यक्षात कसा गेला ते सांगतो. सकाळी दहाला खोली सोडली. हॉटेल टर्मिनी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पण बॅगा ओढत वीस लागली. स्टेशन प्रचंड मोठं, आणि फलाटाचा नंबर गाडी सुटण्याच्या थोडा वेळ आधी फलकावर लागतो, त्यामुळे अर्धा तास हाताशी ठेवला होता. गाडी सव्वाअकराच्या आसपास सुटली, पाऊण वाजता फ्लॉरेन्स. हॉटेलात पोचायला सव्वा वाजला. खोली तीन वाजता मिळणार होती, म्हणून बॅगा त्यांच्याकडे ठेवून जेवायला गेलो. परत येऊन किल्ली घेतली, हातपाय धुतले, ही अर्धा तास आडवी झाली, आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते. दीड तासाच्या गाडीने सहा तास घेतले, आणि त्यात काहीही बिघडलं नव्हतं.

म्हणून शहर बदलायच्या दिवशी सकाळी काही ठेवू नका. संध्याकाळी एखादी मोकळी गोष्ट ठेवा, तिकीट नसलेली. आम्ही त्या दिवशी आर्नो नदीच्या पुलावर जाऊन नुसते उभे राहिलो.

मार्ग एका रेषेत असू द्या. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही तिन्ही एकाच वेगवान रेल्वेमार्गाच्या ओळीत येतात. फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. मागे फिरणं कुठेच नाही. पण रोमला उतरून रोमहूनच परत यायचं ठरवलं असतं, तर शेवटचा अख्खा दिवस व्हेनिसहून रोमला येण्यात गेला असता, वर तिघांचं रेल्वेभाडं आणि विमानतळाजवळची एक रात्र. विमानाचं तिकीट शोधताना 'राउंड ट्रिप'च्या शेजारी 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. त्यात मुंबई ते रोम आणि व्हेनिस ते मुंबई असं भरा. आम्हाला तिकीट थोडं महाग पडलं, पण वाचलेला दिवस आणि भाडं धरता स्वस्तच. इटालियन नावं मात्र वहीत लिहून ठेवा. तिथल्या फलकांवर फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे, व्हेनिस म्हणजे व्हेनेत्सिया. व्हेनिसला दोन स्टेशनं आहेत, मेस्त्रे जमिनीवरचं आणि सांता लुचिया खाडीपलीकडे, खऱ्या व्हेनिसमध्ये. दोन्हींत रेल्वेने दहा मिनिटांचं अंतर. "व्हेनिस स्टेशनजवळ" असं वाचून हॉटेल घेतलं आणि ते मेस्त्रेला निघालं, असं आमच्या शेजारच्या सीटवरच्या गुजराती जोडप्याचं झालं होतं.

आता वार. आगारात बाजाराच्या वारी जादा फेऱ्या लागायच्या, कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी हे आम्हाला तोंडपाठ. तीच सवय इथे कामी आली. फ्लॉरेन्समधली उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चसमोरच्या चौकात पोप लोकांना भेटतात, त्यामुळे तेव्हा चर्चमध्ये जाता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, आणि म्हणून तिथे गर्दी उसळते. माझ्या पहिल्या कच्च्या वेळापत्रकात आम्ही फ्लॉरेन्सला रविवारी संध्याकाळी पोचत होतो आणि मंगळवारी सकाळी निघत होतो. एकुलता पुरा दिवस सोमवार! अकादेमियातला 'डेव्हिड'चा पुतळा बघायला सातासमुद्रापार जायचं आणि दाराला कुलूप. उलट क्रम लावला, शनिवारी रोम धरलं, आणि सगळे वार आपोआप जुळले. रविवारी कोलोसियम, सोमवारी नुसतं शहर, मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी फ्लॉरेन्सला, गुरुवारी तिथली दोन्ही संग्रहालयं, शनिवारी व्हेनिस. कागदावर आधी वार लिहा, मग ठिकाणं.

ऋतूचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये रोम तापतं आणि गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त. आम्ही दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आधी गेलो. सकाळी स्वेटर, दुपारी नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी ते आपल्याहून साडेतीन तास मागे, नंतर साडेचार.

या साडेतीन तासांचा उपयोग करून घ्या. पहिल्या दिवशी रोमच्या रात्री आठला आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात, डोळे मिटायला लागतात. म्हणून पोचल्याच्या संध्याकाळी काही ठरवू नका, जेवा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही तीन-साडेतीनला टक्क जागे. खोलीत बसून काय करायचं, म्हणून चहाच्या पुड्या गरम पाण्यात घालून प्यायलो आणि उजाडायच्या आधीच चालत त्रेवीच्या कारंज्याला गेलो. दुपारी जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे त्या वेळी एक झाडूवाला, दोन-चार माणसं आणि पाण्याचा आवाज. ही कठड्यावर बसली, पाठ करून नाणं टाकलं, आणि मग खूप वेळ काही बोललीच नाही. पश्चिमेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पहिल्या दोन-तीन पहाटा झोपेसाठी भांडू नका, त्या फिरण्याला द्या.

व्हिसाबद्दल. इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याचशा देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यात दिवसवार कार्यक्रम, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, विमानाचं आरक्षण, बँकेचा उतारा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांवर आणू नका, निकालालाच १५ दिवस लागू शकतात आणि कधी कधी ४५ पर्यंतही जातात. आम्ही तीन महिने आधी गेलो. दोन देश करणार असाल तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज. समान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा उतरल्यावर रांगेला वेळ जास्त धरा.

पैसे कुठल्या क्रमाने अडकवायचे, यात माणसं फसतात. स्वस्त रेल्वे तिकीट दिसलं की हात शिवशिवतात. आमचा क्रम असा होता. आधी रात्री आणि मार्ग पक्का. मग हॉटेलं, फुकट रद्द होणारीच, दरात थोडा फरक पडला तरी. मग विमान, पैसे परत मिळण्याच्या अटी वाचून. मग व्हिसा. व्हिसा हातात आल्यावर रेल्वे आणि संग्रहालयांची तिकिटं. इटलीतल्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं. सगळ्यात स्वस्त तिकीट त्याच गाडीचं असतं, गाडी चुकली तर पैसे गेले. म्हणून मी त्या तिकिटांना सकाळी लवकरची गाडी धरली नाही. साध्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, ते आयत्या वेळी काढलं तरी चालतं. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. कंडक्टर म्हणून सांगतो, न पंच केलेल्या तिकिटाची दया कुणी दाखवत नाही.

कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी सुटतात आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. मी कॅलेंडरवर लाल खूण केली होती आणि मुलगी त्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडून बसली होती. आम्ही गेलो तेव्हा १८ युरो माणशी पडले, त्यात शेजारचं फोरम, म्हणजे जुन्या रोमचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडीही आली. व्हॅटिकनचंही आधीच काढा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, हे मुलांना निघायच्या आधी सांगा.

एका दिवसात वेळ ठरलेलं तिकीट एकच. तेही सकाळचं. हा नियम आम्ही फक्त एकदा मोडला, फ्लॉरेन्सला गुरुवारी. सकाळी उफिझी, दुपारी चारला अकादेमिया. उफिझीत ही दुसऱ्या तासाला बाकावर बसली ती उठेना. दोन संग्रहालयं एका दिवशी करायची असतील तर दुपारी खोलीवर येऊन झोपा, आणि हॉटेल त्यासाठी जवळ घ्या. लांबच्या हॉटेलात वाचलेले पैसे बसभाड्यात आणि पायांत जातात.

आणि स्पेअर. आगारात एक गाडी तरी स्पेअरला उभी असायचीच. नवे अधिकारी यायचे, म्हणायचे, ही गाडी रिकामी का? मग एखाद्या पहाटे घाटात गाडी फेल व्हायची आणि त्यांना कळायचं. आमच्या वेळापत्रकात फ्लॉरेन्सचा शुक्रवार मी स्पेअरला ठेवला. पुढे पेन्सिलने लिहिलं, 'पिसा, जमलं तर.' पिसाला प्रादेशिक गाडीने तासभर, आधी काही काढावं लागत नाही. झालं काय, तर सोमवारी रोममध्ये फोरमच्या दगडांवरून आदल्या दिवशी चालून हिचा पाय सुजला. दिवसभर खोलीत बर्फ लावून बसलो. मुलगी एकटी पँथिऑनपर्यंत जाऊन आली. माझ्या मनावर जराही ओझं नव्हतं, कारण वेळापत्रकात भरून काढायला जागा होती. शुक्रवारी पाय बरा होता, पण पाऊस. पिसा राहिलं. आम्ही बाजारात गेलो, वरच्या मजल्यावर बसून टोमॅटो आणि तुळशीच्या पानांचा पास्ता खाल्ला, आणि हिने खालून वाळवलेले टोमॅटो घेतले. ते अजून बरणीत आहेत. सहापैकी एक दिवस तरी असा ठेवा. रेल्वेचे संप तिथे होतात, आधी जाहीर होतात, त्यालाही हाच दिवस उपयोगी पडतो.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची वेळ वेळापत्रकात लिहावी. दुपारी अडीच-तीननंतर बरीचशी हॉटेलं स्वयंपाकघर बंद करतात ती संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतात. आपल्यासारखं 'येऊन जेवू' म्हटलं तर उपाशी. भाज्यांच्या सूपमध्येही मटणाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे. बाटली बरोबर ठेवा, पाण्याला एक पैसा लागत नाही.

व्हेनिसला बॅगेचा विचार सगळ्यात आधी. तिथे गाडी, रिक्षा काही नाही, पूल आहेत आणि पुलांना पायऱ्या आहेत. स्टेशनच्या बाहेर पडल्यावर समोरच स्काल्झीचा दगडी पूल. त्याच्या पायऱ्यांवर मी दहा मिनिटं उभा राहून बघत होतो. माणसं तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा दोन्ही हातांनी उचलून चढत होती, वर पोचून कमरेवर हात ठेवून उभी राहत होती, आणि पलीकडे उतरताना चाकं पायरीवर आदळत होती. आम्ही नकाशावर पूल मोजून हॉटेल घेतलं होतं, लिस्ता दि स्पान्या या रस्त्यावर, स्टेशनच्याच काठाला. एकही पूल नाही. सपाट रस्ता, पाच मिनिटं. पाण्यावरची बस, तिला व्हापोरेत्तो म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा ७५ मिनिटांना साडेनऊ युरो होती. म्हणून रविवारी मुरानो-बुरानो बेटं करायला दिवसभराचा पास काढला. दिवसापुरतं व्हेनिसला येणाऱ्यांना काही ठराविक तारखांना प्रवेशशुल्क लागतं. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण तशी नोंदणी करून कोड घ्यावा लागतो.

परतीच्या दिवशीचं वेळापत्रक उलट्या बाजूने लिहा. विमान सुटायच्या तीन तास आधी विमानतळ. पियात्साले रोमा या चौकातून विमानतळाची बस वीस-पंचवीस मिनिटं घेते. स्टेशनकडून तिथे जायला मध्ये काचेच्या पायऱ्यांचा पूल आहे, तो टाळायला आम्ही व्हापोरेत्तोने एक थांबा गेलो. त्यावर पाऊण तास राखीव. दुपारच्या विमानाला हॉटेल सकाळी नऊच्या आधी सोडावं लागलं, म्हणजे सोमवारी व्हेनिस बघायला मिळणार नाही हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो.

मंगळवारी सकाळी मुंबईत उतरलो, साताऱ्याला पोचेपर्यंत दुपारचे तीन. मुलीची सुट्टी मंगळवारपर्यंत होती, पण तिने बुधवारीही घरूनच काम करायची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. तुम्हीही घ्या. त्या दिवशी ती पहाटे तीनऐवजी सकाळी दहाला उठली.